मागदाबाई

आमच्या घरी मागदाबाईंचे नाव अशा काही सलगीने घेतले जाते, की नव्या माणसाला वाटावे, या पलीकडच्या बोळातल्या कुणी पापड-कुरडया करून देणाऱ्या बाई असतील. एकदा दिवाळीत आमचे व्याही आले होते. बोलण्याच्या ओघात मागदाबाईंचा विषय दोनदा निघाला, तेव्हा ते बिचारे चिवड्याची ताटली खाली ठेवून म्हणाले, "त्यांनाही बोलवायचं होतं की फराळाला!" मागदाबाई इटलीतल्या मिलान शहरी राहत असून तेव्हा त्यांना नव्वदी उलटून गेली होती. त्यांना ना माझा पत्ता ठाऊक, ना मी त्यांना कधी डोळ्यांनी पाहिलेले. हे सगळे व्याह्यांना समजावून सांगता सांगता चहा गार झाला. ते ज्या नजरेने माझ्याकडे पाहत होते, तिचा अर्थ मी मुलीला पुढे कधी विचारला नाही.

मागदा ओलिवेरो हे त्यांचे पूर्ण नाव. म्हणजे नावातले जेवढे लोकांच्या तोंडी राहिले, तेवढे. बारशाचे नाव मारिया माद्दालेना. जन्म २५ मार्च १९१०, उत्तर इटलीतल्या पिएमोंते प्रांतात, सालुत्सो नावाच्या गावी. वडील न्यायाधीश. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी, शिकलेसवरलेले. मुलीला पियानो शिकवावा, गाणे शिकवावे, परंतु तिने ते रंगभूमीवर जाऊन गावे हा विचार जरा दुरूनच करावा, अशा वळणाचे. अशी घरे आपल्याकडे कमी का होती!

ऑपेरा म्हणजे त्यांचे संगीत नाटक. पण फरक मोठा आहे. आपला दुष्यंत चार वाक्ये बोलतो, मग पेटीवाल्याकडे पाहून पद सुरू करतो. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आले तेव्हापासून आपण या बोलता बोलता गाण्याला सरावलो आहोत. तिकडच्या ऑपेरात मात्र बहुधा बोलणे नाहीच. पत्र वाचायचे तेही सुरात, शिव्या द्यायच्या त्याही सुरात, मरायचे तेही सुरात. आणि स्त्रीच्या आवाजांपैकी जो सर्वांत उंच, त्याला म्हणायचे सोप्रानो. नायिका बहुतेक सोप्रानोच असते, आणि बहुतेक वेळा तीच मरते. एके काळी रोममध्ये बायकांना रंगभूमीवर यायलाच बंदी होती, आणि त्यांच्या भूमिका पुरुष करीत. हे वाचले तेव्हा मला फारसे नवल वाटले नाही. ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांचा शालू डोळे भरून पाहिला, त्याला या गोष्टीचे नवल कसे वाटावे?

ध्वनिक्षेपक नाही, काही नाही. समोर साठ-सत्तर वाद्यांचा ताफा आणि त्याच्यावरून दोन-तीन हजार माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा. ही हमाली नुसत्या ताकदीने होत नाही. जाणकार सांगतात, की तालमीतल्या गळ्यात सेकंदाला तीन हजार कंपनांच्या आसपास एक चकाकी येते, आणि वाद्यवृंदाचा जोर त्याच्या बराच खाली असल्यामुळे तेवढ्याच फटीतून आवाज बाहेर निसटतो. आमचे सांगलीचे बुवा याला एवढे लांबण लावीत नसत. "आवाजाला टोक काढ," एवढेच ते म्हणत. 'आमचे' म्हणजे खरे तर माझे नव्हेत, माझ्या पत्नीचे. आणि इथूनच मला या लेखाचा खरा विषय सांगावा लागणार आहे.

आमचे लग्न १९७० साली झाले. मुलीकडून जे सामान आले, त्यात एक कपाट, पितळेचे डबे, आणि तांबड्या कापडाच्या गवसणीत घातलेला एक मिरजेचा तंबोरा. आमचे बिऱ्हाड सदाशिव पेठेत दोन खोल्यांचे. त्यातली एक खोली आईची आणि देवांची. तंबोरा दुसऱ्या खोलीत कोपऱ्यात उभा राहिला. हिने सांगलीला बुवांकडे आठ वर्षे तालीम घेतलेली. लग्न ठरले तेव्हा बुवा माझ्या सासऱ्यांना म्हणाले होते, "मुलगी देताय, गाणं नका देऊ." हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

पहिली दोन-तीन वर्षे ती पहाटे, नाहीतर मी कचेरीतून येण्याच्या आधी तासभर बसत असे. १९७३ साली पावसाळ्यातली एक संध्याकाळ मला स्वच्छ आठवते. कचेरीत दिवसभर हिशेब जुळला नव्हता, छत्री गाडीत विसरली होती, आणि घरात शिरलो तो तंबोरा झंकारत होता. मी चप्पल काढता काढता म्हटले, "आज जरा राहू दे." रागावून नव्हे हो, साधेपणाने. तिने तारांवर हात ठेवला. तंबोऱ्याच्या तारांवर हात ठेवल्यावर जी शांतता होते ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना ठाऊक आहे. 'आज' राहिले, उद्याही राहिले. मग थोरली मुलगी झाली, आईचे आजारपण आले, धाकटा मुलगा झाला, आणि तंबोरा कोपऱ्यातून माळ्यावर गेला. तो मीच चढवला.

अकरा वर्षे मला या गोष्टीचे काही वाटले नाही. हे कबूल केलेले बरे.

१९८४ साली आमच्या कचेरीत गोव्याचे एक गृहस्थ बदलून आले. लहानपणापासून चर्चच्या गायकवृंदात गायलेले, पोटात साहेबांच्या भीतीपेक्षा संगीत अधिक. आम्ही जेवणाच्या सुट्टीत डबा खात बसलो, की ते भाजीची वाटी पुढे करून मला इटालियन गाण्याच्या गोष्टी सांगत. मला काय, कॅलसचे नाव तेवढे माहीत होते. कॅलसचे नाव ज्याला माहीत नाही असा माणूस नसतो. ती न्यूयॉर्कला जन्मलेली, मूळची ग्रीक; पण तिच्यामागे सगळी इटली वेडी झालेली. ते म्हणाले, "कॅलस ऐकलीत ना? आता ही ऐका," आणि त्यांनी एक फीत हातात ठेवली. १९५९ साली नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहात कुणी तरी चोरून ध्वनिमुद्रित केलेला प्रयोग, त्याच्या प्रतीची प्रत. चिलेआ नावाच्या संगीतकाराचे 'आद्रियाना लकुव्रर'.

रविवारी दुपारी मी ती लावली. आधी नुसती खरखर. मग खोकल्याची एक साथच ऐकू आली, कारण इटालियन लोकही आपल्यासारखेच पडदा वर गेल्यावर खोकतात. आणि मग ती बाई आली.

आवाज तसा गोड नव्हता. हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर कुणी ध्वनिमुद्रिका शोधून ऐकेल आणि मला दूषणे देईल. तेबाल्दीचा आवाज म्हणजे साय. त्या रात्री गायची होती तेबाल्दीच. तिला जमले नाही, म्हणून ऐनवेळी मागदाबाईंना बोलावले. भोवताली फ्रान्को कोरेल्ली, जुलिएत्ता सिमिओनातो, एत्तोरे बास्तियानिनी अशी त्या काळची बडी बडी मंडळी. त्यांच्यात या बाईंचा आवाज बारीक, थोडा कंप पावणारा, मधूनच लिंबाच्या सालीसारखा आंबट. पण पहिल्याच अंकात आद्रियाना, ती स्वतः नटी आहे, स्तुती करणाऱ्यांना सांगते की मी काही नव्हे, कवीच्या शब्दांची मी केवळ दासी आहे, माझा आवाज म्हणजे एक फुंकर, सकाळी विरून जाणारी. त्या गाण्याच्या शेवटी बाईंनी एक सूर धरला. सुताएवढा. तो फुगवत नेला, आणि मग परत आणू लागल्या, कमी, आणखी कमी. मला वाटले फीत अडकली. मी उठून यंत्रापाशी गेलो. फीत चालू होती. सूर चालू होता. आणि मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो त्या बिचाऱ्या यंत्राला पेलला नाही.

स्वयंपाकघराच्या दारात ही उभी होती. हातात तांदळाचे सूप. "कोण हो ही बाई?" तिने विचारले.

मला सोमवारी विचारून सांगावे लागले. आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत जे कळले, आणि पुढे पुस्तकांतून, तबकड्यांच्या वेष्टनांवरून, परदेशी मासिकांच्या जुन्या अंकांतून मी जे वेचत गेलो, ते असे.

ही मुलगी विशीत असताना तोरीनोच्या नभोवाणीवर आवाजाची परीक्षा द्यायला गेली. परीक्षकांपैकी एका संगीत-दिग्दर्शकाने निकाल दिला, की हिला आवाज नाही, संगीताची समज नाही, व्यक्तिमत्त्व नाही. हिने दुसरा काही उद्योग शोधावा. एखाद्याला नापास करायला यातले एक कारण पुरे होते. ती पुन्हा गेली. निकाल तोच. पण त्या खोलीत लुइजी जेरुस्सी नावाचे एक गृहस्थ बसले होते, ते म्हणाले, हिला मी शिकवतो. जेरुस्सींची तालीम म्हणजे आपल्या जुन्या बुवांचीच तालीम. गाणे नंतर, आधी श्वास. पोटाच्या वरचा तो पडदा कसा खाली जातो, कसा धरून ठेवायचा, सुराला खालून कसा आधार द्यायचा. 'मला येणार नाही' हे वाक्य त्यांच्या घरात चालत नसे. मुलगी रडली, पण शिकली. १९३२ साली त्याच तोरीनोच्या नभोवाणीवर ती गायली. १९३३ साली पुच्चीनीच्या 'जान्नी स्किक्की'मध्ये लाउरेत्ता म्हणून रंगभूमीवर उभी राहिली. १९३८ साली 'तुरान्दोत' हा ऑपेरा पहिल्यांदाच संपूर्ण ध्वनिमुद्रित झाला, त्यात क्रूर राजकन्या जीना चिन्या, आणि राजपुत्रासाठी जीव देणारी दासी ल्यू ही आमची मागदा. ती ध्वनिमुद्रिका आजही मिळते. अठ्ठावीस वर्षांच्या पोरीचा तो आवाज ऐकला की त्या तोरीनोच्या परीक्षकाला पत्र लिहावेसे वाटते.

आणि १९४१ साली तिने लग्न केले. आल्दो बुश नावाच्या कारखानदाराशी. आणि गाणे सोडले.

ती तेव्हा एकतीस वर्षांची होती. सोप्रानोच्या आयुष्यात एकतीस म्हणजे आंब्याला पाड लागण्याची वेळ. त्या वेळी इटली युद्धात पडलेली, सगळीकडे हलकल्लोळ. पण युद्ध नसते तरी तिने सोडलेच असते असे दिसते. घर-संसार करायचा, तर तो नीट करायचा, हा तिचा हिशेब. दहा वर्षे ती रंगभूमीवर गेली नाही.

आता त्या चिलेआ यांच्याविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फ्रांचेस्को चिलेआ हा दक्षिण टोकाच्या कालाब्रियातला, पाल्मी गावचा माणूस. १८६६चा जन्म. १९०२ साली मिलानमध्ये त्यांचा 'आद्रियाना' पहिल्यांदा झाला, नायक होता कारुझो, आणि त्यांचे नाव सगळीकडे गेले. आद्रियाना ही काही कल्पनेतली बाई नव्हे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आद्रियेन लकुव्रर नावाची नटी खरोखर होऊन गेली. १७३० साली ती वारली तेव्हा, नटी म्हणून, चर्चने तिला पवित्र भूमीत पुरू दिले नाही, आणि व्होल्तेरने त्यावर संतापून कविता लिहिली. ऑपेरात तिची सवत तिला विष घातलेली जांभळी फुले पाठवते, आणि ती त्यांचा वास घेऊन मरते. फुलांच्या वासाने माणूस मरतो का, हा प्रश्न आमच्या घरी पुष्कळ वेळा निघाला आहे. मागदाबाई गात असताना तो निघत नाही, एवढेच मी सांगतो.

१९०७ साली चिलेआंचा पुढचा ऑपेरा मिलानच्या स्काला नाट्यगृहात आला. साक्षात तोस्कानिनी दिग्दर्शक, तरी पडला. चिलेआ तेव्हा चाळीस वर्षांचे. त्यानंतर त्यांचा नवा ऑपेरा रंगभूमीवर आला नाही. पालेर्मो, नेपल्स अशा ठिकाणच्या संगीत विद्यालयांची व्यवस्था पाहत, मुलांना शिकवत त्यांनी उरलेले आयुष्य घालवले. म्हणजे हा माणूसही थांबलेलाच. आणि या थांबलेल्या म्हाताऱ्याने दुसऱ्या थांबलेल्या बाईला विनवले, की मला मरण्यापूर्वी तुझी आद्रियाना एकदा पाहू दे. लग्नापूर्वी त्यांनी तिची आद्रियाना ऐकली होती, आणि आपण लिहिलेल्या सुरांच्या पलीकडे, लिहिताना मनात जे होते तिथे ही पोचली, असे त्यांचे म्हणणे होते. असे म्हणणारा कवी किंवा संगीतकार मला दुसरा ठाऊक नाही. बहुतेकांना वाटते, आपण लिहिले तेवढेच पुष्कळ आहे.

मागदा तयार झाली. दहा वर्षांनी पुन्हा श्वासापासून सुरुवात. आणि २० नोव्हेंबर १९५० रोजी चिलेआ वारले. १९५१ च्या आरंभी ब्रेशिया शहरात ती आद्रियाना होऊन उभी राहिली तेव्हा ते प्रेक्षकांत नव्हते.

हे सगळे मी एका रात्री जेवणानंतर हिला सांगितले. ती वाटाणे सोलत होती. म्हाताऱ्याच्या मरणापाशी तिचे हात थांबले. मग तिने विचारले, "आणि नवरा काय म्हणाला?"

"म्हणजे?"

"ती परत गायला निघाली तेव्हा. नवरा काय म्हणाला?"

त्या क्षणी मला पावसाळ्यातली ती संध्याकाळ आठवली, छत्रीसकट. अकरा वर्षे जी कुठे होती कोण जाणे, ती आठवण अशी समोर येऊन बसली, की मी उठून पाणी प्यायला गेलो. मी उत्तर दिले नाही. तिनेही पुन्हा विचारले नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनाने पक्के धरले, की हिचे गाणे मी बंद पाडले. मी मनातल्या मनात त्या अपराधाला फार जपले, हे आता लक्षात येते. माळ्याकडे पाहिले की माझा चेहरा पडत असे, आणि चेहरा पडतो याचे मला थोडे समाधानही वाटे.

मागदाबाई मात्र थांबल्या नाहीत. दुसऱ्या डावात त्या तीस वर्षे गायल्या. नवरा होता, संसार होता, आणि गाणेही होते. मोठमोठ्या कंपन्यांनी तेबाल्दीला आणि कॅलसला तबकड्यांवर घेतले, यांच्याकडे फारसे पाहिले नाही. 'तुरान्दोत'नंतर स्टुडिओत पूर्ण ऑपेरा ध्वनिमुद्रित झाला तो एकदम १९६९ साली, जोर्दानोचा 'फेदोरा'. बाकी सगळी कीर्ती चोरट्या फितींवर. कोटात यंत्र लपवून नाट्यगृहात जाणाऱ्या त्या अनामिक रसिकांना कायदा काय म्हणतो ते म्हणो, मी त्यांना हात जोडतो. १९६७ साली डॅलसला केरुबिनीच्या 'मेदेआ'त त्या पहिल्यांदा अमेरिकेत गायल्या. आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटनमध्ये, जिथे जवळजवळ चार हजार माणसे बसतात, तिथे त्यांनी पहिले पाऊल टाकले ते ३ एप्रिल १९७५ रोजी. नऊ दिवसांपूर्वी त्यांना पासष्टावे वर्ष पुरे झाले होते.

पासष्टाव्या वर्षी, वाचकहो, आमच्या खात्यात माणूस निवृत्त होऊन सात वर्षे झालेली असतात, आणि जिन्याचा कठडा धरल्याशिवाय तो वर चढत नाही. या बाई पुच्चीनीची तोस्का झाल्या. तोस्काला दुसऱ्या अंकात त्या अधम पोलीस अधिकाऱ्याला सुरी भोसकून मारायचे असते, त्याच्या प्रेताच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवायच्या असतात, आणि शेवटी किल्ल्याच्या तटावरून उडी घ्यायची असते. कॅलस शेवटची ऑपेरात उभी राहिली ती याच भूमिकेत, लंडनला, १९६५ साली. ती मागदाबाईंहून तेरा वर्षांनी लहान. तिचे संपल्यावर दहा वर्षांनी या न्यूयॉर्कला सुरू करीत होत्या. मला दोघींची तुलना करायची नाही. एक घर पेटून उजेड देते, दुसरीकडे समई असते. पण तेल कसे पुरवावे हे शिकायचे असेल तर समईकडेच पाहावे लागते.

१९८१ साली त्या अखेरच्या ऑपेरात गायल्या. पुलेंक या फ्रेंच संगीतकाराची ती एकपात्री कृती आहे. एक बाई, एक टेलिफोन, आणि पलीकडे तिला सोडून चाललेला प्रियकर, ज्याचा आवाज प्रेक्षकांना ऐकूच येत नाही. मधूनमधून लाईन तुटते. पुण्याच्या जुन्या टेलिफोनशी ज्याने झुंज घेतली आहे त्याला ही शोकांतिका लगेच पटेल. दोन वर्षांनी, १९८३ साली, आल्दो बुश वारले.

आता मला पुन्हा आमच्या घरी यावे लागते. १९९८ साली मुलगा कामानिमित्त युरोपात गेला होता, त्याने येताना मला एक तबकडी आणली. १९९३ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, मागदाबाईंनी 'आद्रियाना'तले निवडक भाग पुन्हा ध्वनिमुद्रित केले होते. वाद्यवृंद नाही, नुसता पियानो. मला ती लावायची भीती वाटत होती. म्हातारे झालेले आवाज ऐकवत नाहीत. आपल्याकडेही पुष्कळांनी वेळेवर थांबायला हवे होते, नावे घेत नाही.

आम्ही दोघे बसलो. आवाजाला वार्धक्याच्या सुरकुत्या पडलेल्या. तो पहिल्या अंकातला दासीचा सूर आला. पूर्वीइतका बारीक नव्हता, पूर्वीइतका लांबही नसेल, पण आधार सुटला नाही. खालून कुणी तरी तो हातावर धरून ठेवला होता. ही डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आवाज गेलाय. श्वास बघा मात्र." आणि कुकर लावायला उठली.

आठ दिवसांनी सकाळी तिने सहज, गव्हाचा डबा खाली काढायला सांगावा तसे सांगितले, "तो तंबोरा जरा खाली काढता का?"

आम्ही तोवर कोथरूडला राहायला आलो होतो. तंबोरा आमच्याबरोबर एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर आला होता, आणि त्याच्या अंगावर मुलांच्या बॅगा, जुना पाळणा, गणपतीची मखरे असे बरेच काही साठले होते. स्टुलावर चढून काढला. गवसणी हातात फाटली. भोपळ्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. मी खाली उतरलो तेव्हा माझे पाय लटपटत होते, आणि ते उंचीमुळे नव्हे.

तंबोरा घेऊन आम्ही मिरजेला गेलो. गाडीत समोरच्या बाकावर तो आडवा ठेवला, एखाद्या आजारी माणसाला इस्पितळात न्यावे तसा. कोरेगाव गेल्यावर डबा जरा रिकामा झाला, तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षे मनात घोळवलेले एकदाचे बोलून टाकले. ती पावसातली संध्याकाळ, ते 'राहू दे', सगळे. माझा आवाज बहुधा थोडा नाटकी झाला असावा.

ती खिडकीतून उसाचे फड पाहत होती. ऐकून घेतले, आणि म्हणाली, "म्हणून तुम्ही इतकी वर्षं माळ्याकडे बघून सुतकी चेहरा करता होय?"

मी काही बोललो नाही.

"अहो, माझं गाणं बंद पाडण्याइतके मोठे तुम्ही नव्हतात. त्या दिवशी तुम्ही राहू दे म्हणालात, मला बरं वाटलं. सुटले असं वाटलं." मग थोड्या वेळाने, "बुवा म्हणायचे, तुझ्या गळ्यात आहे. ते आहे ते रोज उचलायचं म्हणजे काय, तुम्हाला नाही कळायचं. मुलं झाली, सासूबाई आजारी. गाणं नाही म्हणायला कुणीतरी कारण द्यायला हवंच होतं. तुम्ही पहिले सापडलात."

"आणि मग आता?"

"मागदाबाईंना तरी कुणी बंद कर म्हटलं होतं का? त्यांनीच ठेवलं, त्यांनीच उचललं." एवढे बोलून तिने पिशवीतून दशम्या काढल्या.

खरे सांगतो, मला हायसे वाटायला हवे होते. वाटले नाही. पंधरा वर्षे सांभाळलेला अपराध कुणी असा दशमीबरोबर हातावर परत ठेवला, की त्याचे काय करावे ते सुचत नाही. आणि तिने मला सोडवण्यासाठी हे सांगितले, की खरेच तसे होते, याचा उलगडा मला त्या गाडीत झाला नाही, पुढेही विचारायचे धैर्य झाले नाही.

मिरजेच्या कारागिराने तडा बोटाने चाचपला. दांडी चांगली आहे, म्हणाला, जुने लाकूड आहे, आता असे मिळत नाही. भोपळा मात्र बदलावा लागेल. दोन महिन्यांनी तंबोरा परत आला. नवा भोपळा जुन्या दांडीपुढे फारच पिवळा दिसत होता. जवारी लावायला तिला पहिल्या दिवशी दोन तास लागले. सुताचा तो बारीक धागा तारेखाली सरकवताना तिची बोटे थरथरत होती. चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून तिने चारही तारा जुळवल्या, आणि मग मला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर जा."

तिने कुठे गाण्याचा कार्यक्रम केला नाही, करणारही नाही. बुवा केव्हाच गेले होते. तिच्या गाण्याची वाट पाहणारा कुणी चिलेआ उरला नव्हता. पण पहाटे साडेपाच ते साडेसहा मागच्या खोलीचे दार बंद असते.

सप्टेंबर २०१४ मध्ये मागदाबाई मिलानमध्ये वारल्या. एकशे चार वर्षांच्या होत्या. बातमी मुलाने फोनवर सांगितली. मी हिला सांगितली तेव्हा ती देवापाशी वाती वळत होती. तिने वाती वळणे थांबवले नाही, पण त्या संध्याकाळी निरांजनात एक वात जास्त होती. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मागच्या खोलीचे दार नेहमीप्रमाणे लागले.

मी तेव्हा दूध आणायला गेलेला असतो. परत येतो तेव्हा बहुधा तिचा षड्ज चाललेला असतो. किल्ली फिरवली की कुलूप खट्कन वाजते, म्हणून मी ती फिरवत नाही. पिशवी हातात घेऊन जिन्यात उभा राहतो. वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी फिरायला निघालेले असतात, ते विचारतात, "काय हो, किल्ली विसरलात का?" मी होय म्हणतो.